घरच्या वाडीसाठी कलमं आणि रोपं: काडी निवडण्यापासून जमिनीत लावेपर्यंत

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरची आमची वाडी एका दुपारीत उघडी पडली. जायफळं मुळासकट गेली, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, सासऱ्यांनी हाताने लावलेले दोन हापूस उताणे पडले. त्या पावसाळ्यात आम्ही घाईघाईने कलमं विकत आणून लावली. त्यातली चार कोकमं आज पाच वर्षांनंतरही कमरेच्या वर गेलेली नाहीत, जमिनीलगत नुसती पसरली आहेत. माती तीच, खत तेच, मग असं का, हे मला कळेना. शेवटी शेजारच्या वाडीतल्या तात्यांना आणून दाखवलं. त्यांनी एक फांदी हातात धरली आणि म्हणाले, "काडी आडव्या फांदीची आहे गो. ती आडवीच जाणार."

तेव्हापासून मी कलमं स्वतः करायला शिकले. पाच पावसाळे झाले. हात बसायला फार वेळ लागत नाही, महिनाभरात बसतो. काडी कुठल्या झाडाची, कुठल्या फांदीची आणि कधी काढलेली, हे कळायला मात्र मला तीन वर्षं लागली. तुमची ती तीन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

1. आधी झाडाचा स्वभाव ओळखा

कुठलं झाड कशाने वाढवायचं हे आपण ठरवत नाही, झाडच ठरवतं.

हापूसची कोय पुरली तर झाड उगवतं, पण हापूस येईलच असं नाही. फुलात दुसऱ्या आंब्याचा पराग आलेला असतो, त्यामुळे कोयीतून येणारं झाड हे नवंच झाड असतं. आंबा, काजू, फणस, चिकू यांचं आईसारखंच झाड हवं असेल तर कलम करावं लागतं. लिंबू, पेरू, जाम, डाळिंब गुटीने होतात, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणून. जास्वंद, मोगरा, एक्झोरा, क्रोटन, बोगनवेल, मिरी, शेवगा यांची फांदी किंवा वेल कापून लावली की मूळ धरते. नारळ आणि पोफळ फक्त बियाण्यानेच. केळीला मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं.

नारळाचं कलम का होत नाही, असं मला बरेच जण विचारतात. कलम जुळतं ते साल आणि लाकूड यांच्यामध्ये असलेल्या हिरवट, बुळबुळीत, कागदाइतक्या पातळ थरामुळे. खालच्या खुंटाचा, म्हणजे मुळं असलेल्या रोपाचा, हा थर आणि वरच्या काडीचा हा थर एकमेकांना टेकले तर दोन झाडं एक होतात. नारळ, पोफळ, केळ यांच्या खोडात हा थरच नसतो. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण प्रत्येक कलमात आपण त्या थराचीच काळजी घेत असतो.

2. लागणारं सामान

– कलमाचा धारदार चाकू. सुरुवातीला दाढीचं नवं पातं चालतं, पण दहाबारा कलमांनंतर बदला.
– सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री.
– प्लॅस्टिकची पट्टी, दीड ते दोन सेंटिमीटर रुंद, हातभर लांब. पातळ आणि ताणली जाणारी हवी.
– खाली भोकं पाडलेल्या काळ्या पिशव्या, सहा बाय आठ इंची. काजू-आंब्याला जरा मोठ्या.
– दोन वाटे तांबडी माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा रेती. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. नदीची घ्या.
– कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, लिटरला एक ग्रॅम. काड्या आणि खुंट बुडवायला.
– गुटीसाठी स्पॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) आणि मूळ फुटण्याची पावडर. दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळतात.
– पेप्सीकोल्याच्या लांब पिशव्या, कलमावर टोपी घालायला.
– लेबलं, न पुसणारं पेन आणि एक वही.

वही विसरू नका. पिशव्या पन्नास झाल्या की कुठलं कलम कुठल्या झाडाचं हे कुणालाच आठवत नाही.

3. झाड मे महिन्यात निवडा, काडी जुलैत काढा

बहुतेक लोक पाऊस पडला की काडी शोधायला निघतात. तेव्हा सगळी आंब्याची झाडं सारखीच हिरवी दिसतात. ज्या झाडाची काडी घ्यायची ते फळं असतानाच हेरून ठेवावं लागतं. मी एप्रिल-मेमध्ये अशा झाडाला सुतळी बांधते आणि घरमालकाला दोन गोष्टी विचारते: गेल्या वर्षी लागला होता का, आणि त्याआधीच्या वर्षी? हापूस एक वर्षाआड लागतो हे ठाऊक आहे, पण त्यातही काही झाडं दरवर्षी थोडा तरी हात देतात. ती शोधा. ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लेलं नाही त्याची काडी घेऊ नका.

आंब्याची चांगली काडी अशी असते: तीनचार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, उन्हातल्या फांदीच्या टोकाची, रंगाने गडद हिरवी, आणि टोकाचा डोळा फुगलेला पण उघडलेला नाही. लाल कोवळ्या पानांची फूट अजून कच्ची असते. मोहोर येऊन गेलेल्या टोकाची काडीही घेऊ नये.

आता खरी युक्ती. काडी कापण्याच्या आठदहा दिवस आधी, ती झाडावर असतानाच तिची पानं कापून टाका, देठ मात्र ठेवा. पानांकडे जाणारी ताकद मग डोळ्यात जमा होते. आठवड्याने जाऊन देठाला नुसतं बोट लावा. देठ टपकन गळून पडला तर काडी तयार आहे. ओढावा लागला तर आणखी दोन दिवस थांबा. या एका खुणेने माझी जगणारी कलमं दुप्पट झाली.

काडी सकाळी लवकर काढा, ओल्या गोणपाटात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. पहिल्या वर्षी मी दुपारी काढलेल्या काड्या बंद गाडीत ठेवून आणल्या होत्या. चाळीसपैकी सहा जगल्या.

4. कोय कलम

आंब्यासाठी कोकणात हीच पद्धत सगळ्यात जास्त चालते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतही ती बघायला मिळते. जमलं तर पावसाळ्यात तिथे जाऊन कामगारांचे हात बघून या. वाचून जे कळणार नाही ते अर्ध्या तासात कळेल.

कोयी. रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या, पूर्ण पिकून पडलेल्या फळांच्या घ्या. कोय सुकवून ठेवायची चीज नाही, फळ खाल्ल्यापासून जितकी लवकर पुराल तितकी उगवण चांगली. महिनाभर पडवीत पडलेल्या कोयींतून निम्म्याही उगवत नाहीत. धुऊन पाण्यात टाका. तरंगतील त्या काढून टाका, बहुतेक आत भुंगा असतो किंवा गर नसतो.

वाफा. मृगाचा पाऊस लागला की गादीवाफ्यावर कोयी एकमेकींना लागून मांडा, वर बोटभर माती-रेती आणि त्यावर गवत. दोनतीन आठवड्यांत कोंब वर येतात.

वेळ. रोप उगवून दहापंधरा दिवस झाले की त्याचं खोड आणि पानं तांब्याच्या रंगाची असतात. हीच वेळ. पानं हिरवी झाली, खोड कडक झालं की कोय कलमाचा मोसम त्या रोपापुरता संपला. सगळ्या कोयी एकाच दिवशी उगवत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी दर चार दिवसांनी वाफ्यावर फेरी मारते आणि तयार झालेली तेवढीच काढते.

कलम. रोप कोयीसकट हळूच उपटा, मूळ तोडू नका. मुळं धुऊन बुरशीनाशकात बुडवा. कोयीच्या वर चार बोटांवर शेंडा आडवा छाटा. आता त्या तांबूस खोडाच्या बरोबर मध्यावर पातं ठेवून दीड इंच खाली चीर द्या. काडी साधारण वीतभर घ्या आणि तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी उतरतं तासून तेवढीच लांब पाचर करा. एका झटक्यात तासा. पुन्हापुन्हा खरवडलेली पाचर खडबडीत होते आणि खडबडीत पाचर चिरेत नीट बसत नाही. तासलेल्या जागेला बोट लावायचं नाही, तोंडाने फुंकायचं नाही, चीक आला तर ओल्या स्वच्छ फडक्याने टिपायचा.

पाचर चिरेत पूर्ण आत सरकवा. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे असले तर दोन्ही बाजू आपोआप जुळतात. काडी बारीक असेल तर ती मध्यावर बसवायचा मोह होतो, पण तसं करू नका. एका कडेला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूची साल सालीला मिळेल. मग पट्टी खालून वर, ताणून, एकावर एक वेढे देत बांधा. जोडात पाणी शिरलं की कलम दोन दिवसांत काळं पडतं.

पिशवीत लावताना कोय मातीत आणि जोड मातीच्या वर राहू द्या. वरून पेप्सीकोल्याची पिशवी टोपीसारखी घाला, खाली सैल गाठ मारा आणि पिशव्या सावलीत ठेवा.

पंधरा ते पंचवीस दिवसांत डोळा फुटतो. फुटला की टोपी काढा, संध्याकाळी. इथे एक फसगत होते. काडीत साठलेल्या रसावरही डोळा फुटतो आणि आपण आनंदतो, पण जोड जमलेलाच नसतो, आणि आठवड्याने सगळं सुकतं. म्हणून पहिली पानं हिरवी होऊन दुसरी फूट येईपर्यंत कलम जगलं असं वहीत लिहू नका.

कोयीकडून, म्हणजे जोडाच्या खालून येणारा प्रत्येक कोंब खुडत राहा. तो रायवळ असतो आणि वरच्या हापूसपेक्षा जोमाने वाढतो. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की आपण प्रेमाने रायवळ वाढवलेला असतो.

5. काजू आणि फणस

पद्धत जवळजवळ तीच, फक्त खुंट जरा मोठा. काजूचं बी पाण्यात टाकून बुडणारं घ्या, रात्रभर भिजवा आणि देठाची बाजू वर ठेवून थेट पिशवीत लावा. दीडदोन महिन्यांच्या रोपाचा शेंडा कोवळा असताना, मातीपासून साधारण वीतभर वर छाटून पाचर भरायची. खालची दोनतीन पानं ठेवा, ती खुंटाला पोसतात. काडी वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 या जातीची मिळाली तर उत्तम. शेजाऱ्याकडे असेल तर मागून आणा, पानं मात्र आधीच उतरवायला सांगा.

फणसाच्या आठळ्या दोन आठवड्यांतच पुरायला हव्यात, सुकल्या की संपल्या. काप्याच्या आठळीतून कापाच येतो असं नाही, बरकाही निघतो, म्हणून कलम. फणसाच्या मुळाला हलवलेलं सोसत नाही, त्यामुळे सुरुवातीपासून पिशवीतच.

6. कोकम आणि जायफळ: इथे सर्वात जास्त फसगत होते

या दोन झाडांत नर आणि मादी वेगळे असतात. बियांपासून शंभर रोपं केलीत तर साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहासात वर्षं जातात. म्हणून फळ देणाऱ्या मादी झाडाचीच काडी घ्यायची. कोकमात विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती चांगल्या आहेत. जायफळाच्या दहा माद्यांमागे एक नर बागेत लागतोच, तेवढा मुद्दाम ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे माझी ती चार कोकमं. कोकमाच्या आणि जायफळाच्या झाडाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. एक सरळ आभाळाकडे जाणारी, जिला चारी बाजूंनी फांद्या फुटतात. दुसरी बाजूला आडवी जाणारी. बहुतेक झाडांत बाजूच्या फांदीचं कलम केलं तरी ते काही दिवसांत सरळ होतं. कोकम आणि जायफळ होत नाहीत. आडव्या फांदीची काडी आयुष्यभर आडवीच वाढते. तिला फळं येतात, लवकरही येतात, पण झाड डेरेदार होत नाही, खालून साफसफाई करता येत नाही आणि काठीचा आधार देत बसावं लागतं.

उभ्या फुटी एका झाडावर मोजक्याच असतात. म्हणूनच घाईने कलमं करणारा हाताला येईल ती फांदी तोडतो. विकत घेताना कलमाकडे वरून बघा. पानांच्या जोड्या चारी दिशांना असतील आणि शेंडा सरळ असेल तर घ्या. सगळी पानं हाताच्या पंजासारखी एका पातळीत पसरलेली असतील तर ती आडवी काडी आहे.

7. गुटी

नवख्या माणसाने इथून सुरुवात करावी असं मी सांगेन. फांदी झाडावरच असते, त्यामुळे चूक झाली तरी जात काही नाही.

आषाढ लागला की लिंबाची किंवा पेरूची वर्षभराची, पेन्सिलीएवढी फांदी निवडा. एका पेराच्या खाली एक इंच रुंदीची साल बांगडीसारखी गोल काढा. उघड्या लाकडावर जो बुळबुळीत थर लागतो तो चाकूच्या पाठीने खरवडून पूर्ण काढा. कलमात ज्या थराला जपायचं, गुटीत त्यालाच काढायचं. तो राहिला तर झाड साल परत जोडून घेतं आणि मुळं येतच नाहीत. वरच्या कडेला मूळ फुटण्याची पावडर लावा, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस मूठभर लावा, पारदर्शक प्लॅस्टिकने गुंडाळून दोन्ही टोकं करकचून बांधा.

मॉस पिळलेलंच हवं. पाणी गळणाऱ्या मॉसमध्ये मुळं कुजतात. दीडदोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात, ती तपकिरी होऊन दाट झाली की खालून फांदी अर्धी कापा, आठ दिवसांनी उरलेली कापा आणि पिशवीत लावून अर्धी पानं काढून टाका.

8. फांद्या आणि वेल

फुलझाडांचं फार सांगायला नको. वीतभर काडी, खाली डोळ्याच्या लगेच खाली तिरका काप, वर सरळ काप, म्हणजे उलटी लावली जात नाही. खालची पानं काढा, दोन डोळे मातीत, दोन वर. मोगरा आणि एक्झोरा रेतीत लवकर मूळ धरतात. पांढऱ्या चाफ्याची फांदी मात्र आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकू द्या, ओली लावली तर कुजते. शेवग्याची मनगटाएवढी जाड, हातभर लांब फांदी पावसाच्या तोंडावर सरळ जागेवरच रोवा.

मिरीला पुन्हा फांदीचा प्रश्न येतो. वेलाच्या बुडातून जमिनीवर सरपटणारे जे फुटवे निघतात त्यांचीच रोपं करायची. दिवाळीनंतर हे फुटवे गोळा करून काठीला गुंडाळून ठेवा, म्हणजे ते जमिनीत मूळ धरत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मधला भाग घेऊन दोनतीन पेरांचे तुकडे करा, पानं कापा, देठ ठेवा, एक पेर मातीत जाईल असे पिशवीत लावा आणि सावलीत रोज पाणी द्या. जूनला रोपं तयार. वर मिरी लागणाऱ्या बाजूच्या फांद्या लावल्यात तर वेल चढत नाही, झुडूप होतं. कुंडीत मिरी हवी असेल तर तेच मुद्दाम करा.

9. नारळ आणि केळ

नारळाचं बियाणं दरवर्षी भरपूर लागणाऱ्या, मध्यम वयाच्या माडाचं, झाडावरच पूर्ण पक्व झालेलं घ्या. दोरीने उतरवा, वरून टाकू नका. हलवल्यावर पाणी वाजलं पाहिजे. रेतीत लावल्यावर पाच महिन्यांपर्यंत जे उगवत नाहीत ते काढून टाका, उशिरा उगवणारे रोप म्हणून दुबळेच राहतात. रोप निवडताना उंचीपेक्षा बुंध्याची जाडी आणि पानांची संख्या बघा.

केळीचे मुनवे तलवारीसारख्या अरुंद पानांचे घ्या. लहानपणीच रुंद पानं पसरलेलं पिल देखणं दिसतं, पण त्याचा कंद दुबळा असतो.

10. भाजीची रोपं

भात कापून झाल्यावर वांगी, मिरची, टोमॅटो यांचं बी टाका. वाफा मीटरभर रुंद, वीतभर उंच. बी ओळीत, सेंटिमीटरभर खोल, आणि विरळ. दाट पेरलेली रोपं बुडाशी मऊ होऊन एका रात्रीत आडवी होतात, आणि मग उपाय उरत नाही. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नाही. पाचसहा आठवड्यांत रोपं लावणीला येतात.

दुकानातल्या संकरित पाकिटाच्या फळांचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, ते आईसारखं येत नाही. गावठी पडवळ, चिबूड, वाल यांचं बी मात्र नक्की ठेवा, वेलावरच्या सगळ्यात चांगल्या फळाचं, राखेत घोळवून.

11. पिशवीतलं एक वर्ष

कलम फुटल्यावर आपलं लक्ष उडतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात निम्मी जातात. पाऊस थांबला की पिशव्यांना हळूहळू उन्हाची सवय लावा, एकदम उघड्यावर नकोत. जोड पक्का झाला की तीनचार महिन्यांनी पट्टी कापून काढा. ती राहिली तर खोड जाड होताना गळफास बसतो, आणि दोन वर्षांनी वाऱ्यात कलम नेमकं तिथेच मोडतं. दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदला, नाहीतर मुळं खालच्या जमिनीत शिरतात.

पुढच्या जूनला लावताना पिशवी फाडून तळाशी गोल फिरलेली मुळं कापा आणि जोड जमिनीच्या वर राहील असं लावा. वर्षभर काठीचा आधार द्या.

12. विकायची किंवा अनुदान घ्यायचं असेल तर

स्वतःच्या वाडीसाठी कलमं करायला कुणाची परवानगी लागत नाही. फळझाडांची कलमं विकायची असतील तर मात्र महाराष्ट्रात 1969 च्या फळ रोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो. चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. जाताना जमिनीचा सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि तुमच्या मातृवृक्षांची नोंद असलेली ती वही बरोबर न्या.

फळबाग अनुदानातून लागवड करणार असाल तर घरची कलमं चालतील असं गृहीत धरू नका. तिथे मान्यताप्राप्त रोपवाटिकेतली कलमं आणि तिची पावती मागतात. कार्यालयात विचारून मगच खड्डे मारा. आमच्या वाडीत त्यामुळे दोन भाग आहेत: वरच्या कातळाकडचा अनुदानाचा, पावतीच्या कलमांचा, आणि विहिरीकडचा माझा, जिथे पडलेल्या हापूसच्या शेवटच्या हिरव्या फांदीवरून घेतलेली दोन कलमं यंदा पहिल्यांदा मोहोरली आहेत.